आयसीयूमध्ये मसल स्टिम: पॅड कुठे, करंट किती, थांबायचं कधी

व्हेंटिलेटरवरच्या पेशंटची मांडी आठवडाभरात उतरते, हे आयसीयूत काम करणाऱ्याला मोजपट्टीशिवायही दिसतं. 2013 साली ‘जामा’मध्ये आलेल्या ब्रिटनमधल्या अभ्यासात सोनोग्राफीने ते मोजलं गेलं. मांडीच्या पुढच्या रेक्टस फेमोरिस स्नायूचा आडवा छेद दहाव्या दिवसापर्यंत सरासरी सुमारे 18 टक्क्यांनी घटला होता, आणि ज्यांचे एकाहून जास्त अवयव निकामी झाले होते त्यांची झीज कितीतरी अधिक होती. अशा वेळी पेशंट स्वतः पाय हलवू शकत नाही, म्हणून बाहेरून विजेचा हलका झटका देऊन स्नायू आवळायला लावायचा. यालाच मसल स्टिम म्हणतात. एवढंच हे काम.

पुरावा कितपत आहे तेही आधी सांगून टाकू, म्हणजे नातेवाइकांना भलती आशा दाखवली जाणार नाही. अथेन्सच्या 2010 च्या अभ्यासात रोज स्टिम दिलेल्या पेशंटमध्ये आयसीयूतला स्नायू-नसांचा अशक्तपणा कमी आढळला. पण 2018 च्या फ्रान्समधल्या मोठ्या चाचणीत मांडीचं स्टिम आणि पलंगावरची सायकल दोन्ही देऊनही आयसीयूतून बाहेर पडतानाच्या ताकदीत फरक पडला नाही. स्टिममुळे जीव वाचतो असं कुणी म्हणत असेल तर ते खरं नाही. पेशंट हुकूम पाळू लागेपर्यंतच्या दिवसांत मांडी अगदीच निजून राहू नये म्हणून ते लावायचं, आणि तो स्वतः पाय उचलू लागला की मशीन बाजूला ठेवायचं.

हे मार्गदर्शन मुंबईच्या केईएम, सायन, नायरसारख्या मोठ्या रुग्णालयांत पोस्टिंगला आलेल्या फिजिओ इंटर्नसाठी आणि आयसीयूतल्या सिस्टरांसाठी आहे. नातेवाइकांनी वाचायला हरकत नाही, पण आयसीयूत मशीन त्यांनी लावायचं नाही.

मशीन कोणतं आहे ते आधी बघा

डिपार्टमेंटच्या कपाटात बहुतेकदा दोन प्रकार सापडतात. एक जुनं फॅरॅडिक-गॅल्व्हॅनिक मशीन. कार्बन रबरची पॅडं, खाली ओलं स्पंज किंवा लिंट, वरून पट्टा. दुसरं नवं, बॅटरीवर चालणारं, चिकट पॅडांचं. आयसीयूसाठी दुसरंच घ्या. जुनंच मशीन असेल तर फक्त सर्ज्ड फॅरॅडिक, म्हणजे थांबून-थांबून चढ-उतार होणारा करंट, वापरा. गॅल्व्हॅनिकचं बटण शुद्धीत नसलेल्या पेशंटवर अजिबात दाबायचं नाही. तो करंट एकाच दिशेने वाहतो, पॅडखाली क्षार आणि आम्ल साठतं आणि त्वचा भाजते. जागा असलेला पेशंट “चुरचुरतंय” म्हणून पॅड काढायला लावतो, सेडेशनवरचा (गुंगीच्या औषधावरचा) काहीच बोलत नाही.

मशीनवर या गोष्टी वेगवेगळ्या बदलता यायला हव्यात: फ्रिक्वेन्सी 30 ते 50 हर्ट्झ, पल्सची रुंदी 400 मायक्रोसेकंदांपर्यंत, ऑन आणि ऑफचा वेळ, चढ-उताराचा रॅम्प, आणि चॅनेलमागे 100 मिलिअँपिअरच्या आसपास करंट. टेन्सचं मशीन या कामाचं नाही. ते दुखणं दाबण्यासाठी असतं. बऱ्याच मॉडेलांत ऑन-ऑफच नसतं, मग स्नायू सतत आवळलेला राहून दोन-तीन मिनिटांत थकतो.

कुणाला लावायचं नाही

पेसमेकर किंवा आयसीडी (छातीत बसवलेलं, हृदयाला शॉक देणारं यंत्र) असेल तर नाही. त्या पायात गुठळी असेल किंवा संशय असेल तर नाही. एकच पाय सुजलाय, एकच पाय गरम आहे, तर आधी डॉप्लर (रक्तवाहिन्यांची सोनोग्राफी), मग स्टिम. न बसवलेलं हाड, पॅडच्या जागी जखम, भाजलेलं, गाठ असली तरी नाही. गरोदर पेशंट आणि फिट्स चालू असलेले पेशंट यांचा निर्णय कन्सल्टंटचा.

अट्राक्युरियम किंवा व्हेक्युरोनियम या स्नायू सैल करणाऱ्या औषधांचं इन्फ्युजन चालू असेल तर लावून उपयोगच नाही. नस पेटते, पण नस आणि स्नायू यांच्यामधला सांधा औषधाने बंद केलेला असतो, स्नायू हलत नाही. इथे इंटर्न हमखास एक चूक करतात. काही दिसत नाही म्हणून करंट 80, 90 पर्यंत चढवत नेतात. इकडे औषध उतरायला लागतं आणि पुढच्या ऑनला पाय ताडकन आवळतो. इन्फ्युजन बंद होऊन पेशंट स्वतः थोडा खोकला किंवा हलला, की मगच शून्यापासून सुरुवात.

रक्तदाब स्थिर असावा: मीन प्रेशर 65 च्या वर, रक्तदाब टिकवणाऱ्या नॉरअॅड्रेनलिनचा डोस गेल्या काही तासांत वाढवत न्यावा लागलेला नाही, आणि व्हेंटिलेटरवर ऑक्सिजन 60 टक्क्यांपेक्षा जास्त लागत नाही. बसवणं, उभं करणं यापेक्षा स्टिमचा ताण बराच कमी असतो, त्यामुळे नॉरअॅड्रेनलिन चालू आहे एवढ्यावरून नकार देऊ नका. डोस कुठल्या दिशेला चाललाय ते विचारा.

मुंबईत जून ते सप्टेंबर एक जास्तीची काळजी घ्यावी लागते. तुंबलेल्या पाण्यातून चालून आलेले लेप्टोचे (लेप्टोस्पायरोसिसचे) पेशंट आयसीयू भरून टाकतात. लेप्टोमध्ये स्नायूलाच सूज येते, पोटऱ्या ठणकतात, रक्तातलं सीपीके (स्नायू फुटल्यावर वाढणारं एन्झाइम) चढतं आणि बऱ्याच जणांची किडनीही त्याच वेळी बसलेली असते. आधीच फुटत असलेल्या स्नायूला आणखी आवळायला लावलं तर त्यातून निघणारं मायोग्लोबिन हे स्नायूतलं प्रथिन त्याच किडनीवर जाणार. म्हणून लेप्टोच्या पेशंटला सीपीकेचा रिपोर्ट बघितल्याशिवाय पॅड लावू नका. सीपीके उतरणीला लागलंय, लघवीचा रंग निवळलाय, पोटरी दाबल्यावर पेशंट चेहरा वाकडा करत नाही, हे तिन्ही जमलं की आयसीयूच्या डॉक्टरांना विचारून मांडीपासून सुरू करा, पोटरी शेवटी. डेंग्यूत प्लेटलेट फार खाली असतील तर मोटर पॉइंट (स्नायू सर्वांत सहज हलतो ती जागा) शोधताना दाबूदाबू नका, आणि जोराचं आवळणं टाळा. निळे डाग पडतात.

डायलिसिसची नळी जांघेत असेल तर त्या बाजूचं वरचं पॅड लावू नका. मांडी आवळली की कमरेत पाय थोडा वाकतो, नळी दुमडते आणि मशीनचा अलार्म वाजतो. त्या पायाला फक्त नडगीचं स्टिम द्या, आणि डायलिसिस चालू असेपर्यंत तेही नको.

त्वचा आणि मोटर पॉइंट: अर्धं काम इथेच होतं

वेळ निवडताना सकाळच्या स्पंजिंगनंतरची निवडा, पण मावशींना आधीच सांगून ठेवा की मांडीला पावडर नको. घरचे भेटीच्या वेळी पायाला खोबरेल तेल चोळून जातात, प्रेमानेच; त्या तेलावर कुठलंही पॅड टिकत नाही. साबणाच्या पाण्याने पुसा, कोरडं करा. स्पिरिटने पुसू नका, त्वचा कोरडी पडून अडथळा वाढतो. केस दाट असतील तर क्लिपरने बारीक करा. रेझरने बारीक चिरा पडतात आणि करंट नेमका तिथून घुसतो.

आता मोटर पॉइंट. स्नायूवरची अशी जागा, जिथे कमीत कमी करंटला जास्तीत जास्त हालचाल मिळते. पुस्तकातल्या चित्रावर अवलंबून राहू नका, प्रत्येकाचा पॉइंट थोडा इकडे-तिकडे असतो. मोठं पॅड मांडीच्या वरच्या भागावर लावा. पेन इलेक्ट्रोड असेल तर तो, नसेल तर सर्वांत लहान पॅडावर जेल घेऊन, गुडघ्याच्या वाटीच्या वर आणि आतल्या बाजूला, वास्टस मीडिॲलिस स्नायूच्या फुगवट्यावर टेकवा. फ्रिक्वेन्सी 2 हर्ट्झ, करंट फक्त एवढा की स्नायू नुसता फडफडेल. मग पेन एकेक सेंटिमीटर सरकवत न्या. एका ठिकाणी फडफड एकदम मोठी होते, वाटी वर उडी मारते. तिथे स्किन मार्करने फुली मारा. बाहेरच्या बाजूला वास्टस लॅटरॅलिस स्नायूसाठी पुन्हा तेच. पहिल्या दिवशी याला दहा मिनिटं जातात. फुली टिकवून ठेवली तर दुसऱ्या दिवसापासून अर्धं मिनिटही लागत नाही.

पॅड लावणं आणि पहिलं सेशन

मांडीला 5 बाय 9 सेंटिमीटरची दोन पॅडं. खालचं फुलीवर, वरचं जांघेच्या घडीपासून चार-पाच बोटं खाली, मांडीच्या मध्यावर. दोन पॅडांमध्ये निदान पॅडाच्या रुंदीइतकी जागा हवी. फार जवळ आली तर करंट वरच्यावर, त्वचेतूनच फिरतो. कडा बोटाने दाबून घ्या. 45 चौरस सेंटिमीटरचं पॅड अर्धं सुटलं तर तोच करंट निम्म्या जागेतून जातो, म्हणजे त्वचेवर दुप्पट मारा होतो. भाजल्याचे बहुतेक डाग इथूनच येतात.

नडगीला 5 बाय 5 ची पॅडं: एक गुडघ्याच्या बाहेरच्या हाडाच्या गाठीखाली, दुसरं नडगीच्या बाहेरच्या अंगाला, पंजा वर उचलणाऱ्या टिबिॲलिस अँटिरिअर स्नायूच्या पोटावर. पंजा वर यायला हवा. तो बाहेर वळला तर करंट शेजारच्या पेरोनिअस स्नायूकडे गेलाय. दोन्ही पॅडं एखाद सेंटिमीटर पुढे, नडगीच्या हाडाकडे सरकवा.

गुडघ्याखाली गुंडाळलेली चादर, गुडघा 30 अंशांच्या आसपास वाकलेला, टाच पलंगाला टेकलेली. पाय पूर्ण सरळ असला तर आवळणं होतं पण दिसत नाही, आणि तुम्ही उगाच करंट वाढवत बसता.

पहिल्या दिवसाचं सेटिंग: 35 ते 40 हर्ट्झ, 300 मायक्रोसेकंद, दोन्ही बाजूंना सारखा असलेला बायफेजिक पल्स, 5 सेकंद ऑन, 15 सेकंद ऑफ, 1 ते 2 सेकंदांचा रॅम्प, एकूण 20 मिनिटं. म्हणजे जास्तीत जास्त 60 वेळा आवळणं. सुरुवातीची दोन-तीन मिनिटं नुसतं 5 हर्ट्झवर फडफडू द्या. पुढे सहन होईल तसं 30 आणि मग 45 मिनिटांपर्यंत न्या. अथेन्सच्या अभ्यासातलं सेटिंग होतं 45 हर्ट्झ, 400 मायक्रोसेकंद, 12 सेकंद ऑन आणि 6 ऑफ. मिनिटागणिक आवळणी जवळपास तितकीच, पण स्नायू मिनिटातले 15 नाही, 40 सेकंद काम करतो. पहिल्याच दिवशी ते लावू नका.

पेशंट सेडेशनवर असला तरी बोला. “काका, आता मांडी आवळल्यासारखी वाटेल, घाबरू नका.” किती ऐकू येतं ते आपल्याला कळत नसतं.

करंट वाढवायचा तो ऑन चालू असतानाच, दर आवळणीला 2 ते 5 मिलिअँपिअर. ऑफमध्ये वाढवला की किती वाढला ते हाताला कळत नाही, आणि पुढचं ऑन अंगावर येतं. एक हात मशीनवर, दुसरा मांडीवर सपाट. आवळणीचा दर्जा असा ठरवा:

1 – काहीच लागत नाही
2 – हाताला जेमतेम लागतं, डोळ्यांना दिसत नाही
3 – जेमतेम दिसतं
4 – हाताला आणि डोळ्यांना स्पष्ट, पण स्नायूचा काही भागच
5 – पूर्ण स्नायू घट्ट, वाटी वर सरकते

4 किंवा 5 गाठायचं. मशीनवरचा आकडा म्हणजे डोस नव्हे. एकाला 35 मिलिअँपिअरला वाटी सरकते, शेजारच्या पलंगावर 70 लाही 3 च्या पुढे जात नाही. फाइलमध्ये नुसतं “स्टिम दिलं, 50 मिलिअँपिअर” लिहिणं बिनकामाचं. असं लिहा: “उजवी मांडी, 40 हर्ट्झ, 300, 5/15, 20 मिनिटं, 48 मिलिअँपिअर, दर्जा 4, त्वचा ठीक.” दुपारच्या शिफ्टला येणाऱ्याला त्यावरून काम पुढे नेता येतं.

आवळत नाही तेव्हा

सेप्सिस (अंगभर पसरलेला जंतुसंसर्ग), अंगावरची सूज आणि व्हॅसोप्रेसर (नॉरअॅड्रेनलिनसारखं रक्तदाब वाढवणारं औषध), या तिघांपैकी काही असलं की आवळणं नीट मिळत नाही, हे बेल्जियमच्या अभ्यासातही दिसलं आणि रोजच्या कामातही दिसतं. सुजलेल्या मांडीत त्वचा आणि स्नायू यांच्यामध्ये पाणी साठलेलं असतं, करंट त्या पाण्यातूनच पसरून जातो. अंगठ्याने दाबून खड्डा पडतो का बघा. पडत असेल तर पाय उशीवर उंच ठेवून सेशन थोडं पुढे ढकला, मग खालचं पॅड जागेवर पाच मिनिटं तळहाताने दाबून धरा. पाणी बाजूला सरतं आणि त्याच करंटला दर्जा एकाने वाढलेला दिसू शकतो. त्यानंतर पल्सची रुंदी 400 करा. करंट सगळ्यात शेवटी.

एवढं करूनही दर्जा 2 च्या वर जात नसेल तर त्या दिवशी थांबा. उद्या पुन्हा बघा. फ्लुइड निघालं की तोच पाय चांगला आवळतो. सूज नाही, औषध नाही, तरी तीन-चार दिवस काहीच मिळत नसेल, तर नसच खराब झाली असण्याची शक्यता डॉक्टरांच्या कानावर घाला.

सुरुवातीला 5 आणि दहा मिनिटांत 3? तो थकवा आहे. स्टिमने तेच ते स्नायूतंतू एकाच वेळी, पुन्हा पुन्हा कामाला लागतात. आपण स्वतः पाय हलवतो तेव्हा ते आळीपाळीने काम करतात. ऑफ 20 सेकंदांवर न्या किंवा फ्रिक्वेन्सी 30 वर आणा. करंट वाढवून थकलेल्या स्नायूला झोडपू नका.

मांडीऐवजी पाय आत ओढला जातोय, तर खालचं पॅड फार आतल्या बाजूला आहे. पॅडखाली लाल झालंय, तर तासाभरात उतरणारी सारखी लाली चालते. ठिपक्यासारखा डाग, फोड किंवा पांढरट वर्तुळ असेल तर त्या जागी पुन्हा पॅड नाही, आणि सिस्टरांना दाखवून फाइलमध्ये नोंद.

मॉनिटर, अलार्म आणि बाकीची यंत्रं

स्टिम चालू झालं की ईसीजीवर वेडीवाकडी रेघ येते, कधीकधी व्हीटी या हृदयाच्या धोकादायक ठोक्यांसारखीच, आणि अलार्म वाजतो. आधी सिस्टरांना सांगून ठेवा. अलार्म बंद करून बसू नका. सॅच्युरेशनची लाट आणि आर्टरी लाइनची (धमनीतल्या नळीवरून मोजल्या जाणाऱ्या रक्तदाबाची) लाट बघा. त्या नियमित असतील तर ईसीजीवरचा गोंधळ मशीनचा आहे. ईसीजीची स्टिकर्स छातीवर ठेवा, पायावर नको. ऑफच्या सेकंदांतही रेघ वेडीवाकडीच राहिली, तर तो गोंधळ मशीनचा नाही. मशीन लगेच बंद करा आणि डॉक्टरांना बोलवा.

पॅड छातीवर किंवा दोन हातांवर आमनेसामने कधीच नको. शॉर्टवेव्ह डायथर्मी (रेडिओ लहरींनी शेक देणारं मशीन) चालू असलेल्या खोलीत किंवा तिच्या शेजारी स्टिम चालवू नका, करंट अचानक उसळू शकतो. कार्डिॲक अरेस्ट झाला तर आधी मशीन बंद, पॅड काढा, मग शॉक.

नाडी 20 टक्क्यांहून जास्त वाढली, सॅच्युरेशन 88 च्या खाली गेलं, प्रेशर पडलं किंवा चेहऱ्यावर दुखल्याच्या आठ्या दिसल्या, की करंट कमी, नाहीतर बंद. सेडेशनवरच्या पेशंटचं दुखणं मॉनिटरवर आणि कपाळावरच दिसतं.

पॅडं एका पेशंटची दुसऱ्याला नाहीत. पाकिटावर बेड नंबर आणि तारीख लिहा. वापर झाला की प्लास्टिकच्या शीटवर चिकटवून झिपच्या पाकिटात; मुंबईच्या दमट हवेत उघडी राहिलेली जेल चिपचिपीत होऊन सालासारखी निघते, आणि एसीच्या झोताखाली ठेवलेली सुकते. सुकलेल्या पॅडला बोटाने एक थेंब पाणी लावून एखाद-दोन वेळा चालतं, त्यापुढे फेकून द्या. केबल प्रत्येक पेशंटनंतर रुग्णालयाच्या जंतुनाशकाने पुसायची, बुडवायची नाही.

नातेवाईक विचारतात ते

“बाबांना शॉक देताय का?” हा प्रश्न येणारच. शॉक म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर भलतंच येतं. “नाही ताई, नुसती मांडी हलवायचा व्यायाम आहे, बाबांना स्वतःला जमत नाही म्हणून. हात धुऊन इथे ठेवून बघा.” आवळलेली मांडी हाताला लागली की पुढचे प्रश्न साधे होतात. किती दिवस, हा दुसरा प्रश्न. उत्तर असं: बाबा शुद्धीवर येऊन पाय स्वतः सरळ करू लागले की बंद.

बंद करण्याची खूण नेमकी अशी. गुडघ्याखालच्या चादरीवरून टाच गुरुत्वाकर्षणाविरुद्ध पूर्ण उचलता आली, म्हणजे एमआरसीच्या (स्नायूची ताकद 0 ते 5 गुणांत मोजण्याच्या) मोजणीत त्या स्नायूला 5 पैकी 3. त्याच्या आधीच्या दिवसांत, पेशंट ऐकू लागला की स्टिमच्या ऑनबरोबर “आता तुम्हीही ढकला” असं सांगा आणि दर एक-दोन दिवसांनी करंट थोडा कमी करत जा. सगळी ताकद मोजताना 12 स्नायूगट, एकूण 60 गुण. 48 च्या खाली असेल तर आयसीयूतला अशक्तपणा धरतात. प्रोटीनकडेही बघा. नळीतून दिवसाला किलोमागे 1.2 ते 2 ग्रॅमच्या हिशेबात जातंय का, ते डाएटिशियनला विचारा. कच्चा माल नसेल तर आवळून मांडी भरत नाही.

घरी गेल्यावर मशीन घ्यावं का? पाय उचलता येत असेल तर नको. खुर्चीतून उठणं-बसणं, दिवसातून तीन-चार वेळा, जास्त उपयोगी. ताकद अजून 3 च्या खाली असेल आणि डॉक्टर व फिजिओ दोघेही हो म्हणत असतील, तर प्रिन्सेस स्ट्रीटच्या सर्जिकल दुकानांतून घेताना टेन्स घरी येऊ देऊ नका. दुकानदार मशीन मनगटाला लावून मुंग्या दाखवेल. मुंग्या टेन्सनेही येतात. पल्सची रुंदी 300 च्या वर जाते का आणि ऑन-ऑफचा वेळ वेगळा लावता येतो का, हे त्याला खोका उघडून, पुस्तिकेत दाखवायला सांगा. आणि त्याच मापाची पॅडं नंतर सुटी मिळतात का, तेही तिथेच विचारा.